पुन्हा तेहतिसावं पान

आमच्या वाचनालयात दर डिसेंबरला कर्मचारी वर्षातली आवडती पुस्तकं फळ्यावर लिहितात. नियम एकच: शेवटपर्यंत वाचलेलंच पुस्तक सुचवायचं.

यंदा कार्यकारिणीच्या बैठकीत अध्यक्ष धोंगडेसाहेबांनी ग्रंथपाल मृदुला नाचणेला फर्मावलं, "यादीत माझं आत्मचरित्र पहिलं. नाहीतर कायम नेमणूक विसरा, बाई."

"वाचलंय कुणी, साहेब?"

"या सगळ्यांनी! शब्द न् शब्द!"

सगळ्यांनी जोरजोरात माना डोलावल्या.

"मग साहेब, तुम्हीच सत्तेचाळिसाव्या पानापासून थोडं वाचून दाखवा ना."

साहेब खणखणीत आवाजात वाचू लागले. अठ्ठेचाळिसावं पान संपलं आणि ते अडखळले. समोर पुन्हा तेहतिसावं पान होतं. बांधणीत तीच सोळा पानं दोनदा शिवली गेली होती.

"सगळ्या प्रती अशाच आहेत," मृदुला म्हणाली. "वर्षभरात एकाचीही तक्रार नाही."

साहेबांनी कार्यकारिणीकडे पाहिलं. कार्यकारिणी पंख्याकडे बघत होती.

"म्हणजे कुणीच वाचलं नाही?" साहेबांचा आवाज बसला.

"मी वाचलं, साहेब. शेवटपर्यंत. म्हणूनच तर सुचवत नाहीये."

साहेबांनी नेमणुकीचा कागद पुढे ओढला आणि सही केली. अख्ख्या गावात त्यांना एकच वाचक मिळाली होती.