तांबटिणीने न वाचलेला कागद

एका गावात एक तांबटीण घंटा घडवायची. कोठाराच्या दाराला ती आतून दोरीने बांधून द्यायची. परक्याने दार नुसतं ढकललं, तरी अख्ख्या पेठेच्या कानठळ्या बसायच्या!

गावच्या लेखनिकाने तिला एक कागद करून दिला होता. 'घंटा वाजणं माझ्याकडे. ती ऐकून धावायला माणूस ठेवणं तुमच्याकडे. चोरी झाली तर भरपाई मी देणार नाही.' त्याने बजावलंही होतं, "बांधण्याआधी वाचून दाखव आणि सही घे हो!"

पण घंटा बांधायला गेलं की घरची बाई हळदकुंकू लावणार, हातावर पेढा ठेवणार. अशा वेळी चोरीचं नाव कसं काढायचं? तांबटिणीची जीभच रेटायची नाही. शालूंच्या व्यापाऱ्याकडेही तेच झालं. कागद पिशवीतच राहिला, आणि वर ती बोलून गेली, "आता निर्धास्त राहा, शेठजी. एक धागा हलायचा नाही!"

शेठजी खरंच निर्धास्त झाले. सगळं घर घेऊन लग्नाला गेले. भर दुपारी चोर आले. घंटा घणाघणा वाजली, आणि लोकांनी काय करावं? देवळात नैवेद्याची आरती चाललीय असं समजून जागच्या जागी हात जोडले! चोरांनी कोठार धुऊन नेलं.

चावडीवर शेठजी कडाडले, "शालू भरून दे, नाहीतर तुझी भट्टी दे!"

तांबटिणीने घाईघाईने पिशवीतून कागद काढला. "अहो, पण माझी घंटा वाजली ना! हा बघा कागद!"

पंचांनी कागद दोनदा वाचला. "कागद चोख आहे, बाई. पण यावर शेठजींची सही कुठंय? एक धागा हलायचा नाही, असं मात्र तू म्हणाली होतीस ना?"

"म्हणाले होते," ती कशीबशी बोलली. भट्टी गेली.

मग शेठजींनी कागद हातात घेतला. वाचून झाल्यावर ते तिच्याकडे वळले. "अगं, हे तेव्हाच सांगितलं असतंस, तर मी कोठारावर माणूस ठेवून गेलो नसतो का?"

तांबटिणीला एकदम आठवलं. गावात आणखी अकरा दारांना तिच्या घंटा होत्या, आणि त्यातल्या एकाही घरी तिने हे सांगितलं नव्हतं! कागद घेऊन ती तशीच धावत सुटली.

तात्पर्य: आपलं काम कुठवर आहे, हे गोड प्रसंगी सांगायला जड जातं, पण ते तेव्हाच सांगावं आणि त्याखाली सही घ्यावी. त्यात दोघांचंही भलं असतं.