सोमलाच्या गोळ्या आणि हळदी मांजर

फार फार पूर्वीची गोष्ट आहे. लहानांना ती चटकन कळते, थोरांना उशिरा.

डोंगराच्या पायथ्याशी दोन घरं शेजारी शेजारी होती. मध्ये निवडुंगाचं कुंपण. एका घरात भिवजी आणि त्याची बायको राही राहत. दुसऱ्या घरात ठकूमावशी एकट्याच. त्यांच्या सोबतीला एक पिवळी मांजर होती. तिचं नाव हळदी.

त्या वर्षी पीक भरघोस आलं. भिवजीची कणगी काठोकाठ भरली. पण शेतं रिकामी झाली, तसे शेतातले उंदीर घराकडं वळले. त्यांनी भिंती पोखरल्या, कणगीचं बूड कुरतडलं, बियाण्यातही तोंड घातलं.

राही म्हणाली, "अहो, हळदीला पिल्लं झालीत. मावशींकडून एक मागून आणा."

"मांजर एक उंदीर मारणार आणि दिवसभर चुलीपाशी लोळणार," भिवजी म्हणाला. "शिवाय दुधावर डोळा ठेवणार, तो वेगळाच."

तो बाजारात गेला आणि सोमल घेऊन आला. सोमल म्हणजे जहर. कणकेत गूळ आणि सोमल कालवून त्यानं गोळ्या वळल्या आणि भिंतीतल्या बिळाबिळात कोंबल्या.

राहीला राहवेना. "हळदी आपल्या अंगणात येते हो."

"मांजर कणकेच्या गोळ्या खातं का कधी?" भिवजी हसला.

त्याचं म्हणणं खरं होतं. हळदीनं गोळीला तोंडही लावलं नाही. पण गोळी खाल्लेले उंदीर झिंगत झिंगत बाहेर पडले. काही अंगणात मेले, काही कुंपणाखालून पलीकडे गेले. असा आयता उंदीर कुठली मांजर सोडील?

दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडून हाक आली. "भिवजी, जरा ये रे बाबा. येताना कुदळ आण."

हळदी शेवग्याखाली पडली होती. तोंडाला फेस होता. पाय ताठ झाले होते. मावशींनी तिच्यावर आपलं जुनं लुगडं पांघरलं होतं.

"पान लागलं असावं," मावशी म्हणाल्या. "सापाच्या मागं लागायची खोड होती तिला. कितीदा रागवले."

भिवजीनं तो फेस पाहिला आणि काय घडलं ते त्याला कळलं. त्यानं खड्डा खणला, चांगला खोल खणला. मावशींनी त्याला गूळपाणी दिलं. ते त्यानं उभ्या उभ्या पिऊन टाकलं आणि घरी आला. राहीनं विचारलं, "सांगितलंत?" त्यानं मान हलवली. नाही.

थोडे दिवस घरात शांतता होती. मग शेतातून नवे उंदीर आले, पहिल्याहून जास्त. ते गोळ्यांचा वास ओळखत होते की काय कोण जाणे, पण त्यांना शिवत नव्हते. ते थेट कणगीवर जात.

एके दिवशी ठकूमावशी पदराखाली काहीतरी झाकून आल्या. पदर बाजूला केला, तर आत पिवळं पिल्लू.

"हळदीचं हे एवढंच उरलं," त्या म्हणाल्या. "बाकीची आईच्या दुधावाचून गेली. हे तू ठेव. तुझ्याकडं उंदीर फार झालेत. आणि माझ्या हळदीला तू मुलासारखी माती दिलीस, ते मी विसरले नाही."

भिवजी मागं सरला. "नको मावशी. आम्हाला मांजराची सवय नाही."

"सवय काय, होते. लळा लागला की झालं," असं म्हणून त्यांनी पिल्लू खाली सोडलं.

पिल्लानं इकडं तिकडं हुंगलं. भिंतीत काहीतरी खुडबुडलं, तसं ते धावत गेलं आणि त्यानं बिळात पंजा घातला.

आता गप्प राहिलं तरी चालण्यासारखं होतं. पिल्लू चार दिवस जगलं असतं, मग मेलं असतं, आणि दोष पुन्हा सापावर गेला असता. राही नवऱ्याकडं बघत उभी होती.

भिवजीनं झेप घेऊन पिल्लू उचललं. "मावशी, या भिंतीत सोमल आहे. हळदीला पान लागलं नव्हतं. विष खाल्लेला उंदीर तिच्या पोटात गेला. माझ्यामुळं मेली ती."

मावशींनी पिल्लाकडं पाहिलं. मग त्यांनी एवढंच विचारलं, "खड्डा खणताना ठाऊक होतं तुला?"

"होतं."

मावशींनी पिल्लू त्याच्या हातातून घेतलं आणि त्या निघून गेल्या.

त्या दिवसापासून त्यांनी भिवजीला हाक मारली नाही. भिवजीनं भिंती फोडल्या, एकूण एक गोळी वेचून काढली आणि दूर माळावर खोल पुरली. बिळं दगडचुन्यानं बुजवली. या खटाटोपात दिवस गेले आणि तोवर उंदरांनी अर्धं बियाणं संपवलं. पुढल्या पेरणीला त्याचं निम्मं रान पडीक राहिलं.

पीक कापणीला आलं, तेव्हा मावशी एकदा आपण होऊन आल्या. "विष कुठं कुठं ठेवलं होतंस, दाखव," म्हणाल्या. त्यांनी प्रत्येक जागेवरून हात फिरवला, कोपऱ्याकोपऱ्यात वाकून पाहिलं आणि परत गेल्या.

दुसऱ्या दिवशी पिल्लू, आता चांगलं वाढलेलं, भिवजीच्या अंगणात येऊन बसलं. पलीकडं मावशी धान्य पाखडत होत्या. त्यांनी ते पाहिलं. पण त्याला माघारी बोलावलं नाही.

थोरांनी यातून एवढंच घ्यावं: विष आणि लपवलेली चूक, दोन्ही ठेवल्या जागी राहत नाहीत.