चौथी गाठ

एका राज्यात भांडणे माणसे करीत आणि झुंजी प्राणी झुंजत. शेताच्या बांधापासून सिंहासनाच्या वारशापर्यंत जो तंटा उभा राही, तो आखाड्यात मिटे. दोन्ही धनी आपापला प्राणी घेऊन येत. ज्याचा प्राणी शेवटी उभा, त्याचे म्हणणे खरे.

तिथल्या प्रत्येक प्राण्याच्या गळ्यात रेशमाचा गोफ असे आणि गोफाला चार गाठी. एका गाठीत एक विद्या मावे. पाचवी हवी असेल तर आधीची एक सोडावी लागे, आणि सोडलेली विद्या त्या प्राण्याच्या मनातून जन्माची पुसली जाई. ब्रह्मदेवाने चारच का दिल्या, कुणास ठाऊक. पाच दिल्या असत्या तर लोकांनी सहावी मागितली असती.

त्या लोकांना एक खोड होती. गाठ बांधायची ती घावाचीच, आणि चारही घाव एकाच जातीचे. राजा चंडप्रतापाचा सिंह अग्निकेसर याच्या चार गाठींत चार आगी होत्या: जवळची आग, लांबची आग, मोठी आग आणि त्याहून मोठी आग. दरबारात त्याचे पोवाडे गात. जिथे आग चालणार नाही तिथे काय, असे कुणी विचारले नाही, कारण विचारणाऱ्याला भित्रा म्हणत.

दक्षिणेच्या डोंगरात घोरशंख नावाचा मांत्रिक राही. त्याच्या गुहेत सोन्याचे हंडे होते आणि हंड्यांपुढे एक दगडी वाघ बसलेला असे. राजाचे भांडार काही रिकामे नव्हते. पण दुसऱ्याच्या गुहेतले सोने जास्त पिवळे दिसते. राजाने घोरशंखाला झुंजीचे आव्हान दिले.

घोरशंख म्हणाला, "राजा, माझी अट ऐक. जो हरेल तो धनी दगड होईल, डोळे तेवढे जिवंत राहतील. तिसऱ्या वसंताच्या अखेरीपर्यंत माझा वाघ कुणी भंगला नाही, तर डोळेही जातील."

"मान्य," राजा म्हणाला. त्याने दुसरे वाक्य ऐकलेच नव्हते.

अग्निकेसराने चारही आगी ओतल्या. वाघ तापला, लाल झाला, आणि त्याच तापल्या पंजाने त्याने सिंहाला लोळवले. सिंह जिवंत उठला आणि रानात पळाला. राजा मात्र उभ्या जागी दगड झाला. पुढल्या वसंतात सेनापती आपला हत्ती घेऊन गेला. हत्तीच्या चारही गाठी विजेच्या होत्या. दगडाला वीज काय करणार? आखाड्यातून दरबारात उचलून आणलेले आता दोन पुतळे झाले, आणि दोघांचे डोळे तेवढे लवत होते.

राजाला एकच मुलगी होती, कनकलेखा. रोज सकाळी ती ओल्या वस्त्राने बापाच्या डोळ्यांवरची धूळ टिपी. तिसरा वसंत लागला तेव्हा ती म्हणाली, "यंदा मी जाते."

दरबार हसला. कारण राजकन्येकडे प्राणी होता तो एक खवल्या मांजर. मुंग्या खाव्यात, ऊन लागले की अंगाचे मुटकुळे करून झोपावे, म्हणून त्याचे नावच मुटकुळ्या. त्याच्या गोफाच्या तीन गाठी रिकाम्या होत्या. एकीत तिने लहानपणी स्वतःच्या हाताने ओळख बांधली होती. तिचे पैंजण वाजले की तो जिथे असेल तिथून येई आणि गार नाक तिच्या तळव्याखाली खुपसी. झुंजीत या विद्येचा उपयोग शून्य.

राजवाड्यामागे एक जुना बेहडा होता. त्याच्या ढोलीत एका धनेशाच्या मादीने स्वतःला चिखलाने लिंपून घेतले होते. चोचीपुरती फट तेवढी उघडी होती. ही पक्षीण माणसासारखी बोले, आणि माणसापेक्षा कमी. कनकलेखेने तिला पिकली उंबरे भरवली आणि विचारले, "मावशी, कोणत्या गाठी बांधू?"

"गाठ नंतर," धनेशीण म्हणाली. "आधी प्रश्न. शत्रू कशाने मोडतो? तो मोडेपर्यंत तू कशाने टिकतेस? आणि त्याच्याजवळ असे काय आहे, जे कुणी पाहिले नाही?"

"वाघाचा पंजा लोकांनी पाहिला आहे, धुळीचे वादळ पाहिले आहे, गर्जना ऐकली आहे. चौथी गाठ कुणी पाहिली नाही."

"मग तिची आठवण ठेव. आता नीघ."

पहिल्या मुक्कामी एक खोल बारव होती आणि तिच्या तळाशी जलजोगीण बसली होती. तिने दोन घागरी पुढे ठेवल्या. एकीत महापूर होता, दुसरीत पाझर. समोरच्या कोनाड्यात पणती तेवत होती. "दोन्ही विद्या करून पाहा. हवी ती ने," जोगीण म्हणाली.

मुटकुळ्याने महापूर सोडला. पाणी गरजले, पायऱ्या भिजल्या, जोगीण भिजली, राजकन्येचा शेला वाहून गेला. पणती तशीच तेवत राहिली. मग त्याने पाझर सोडला. कमानीच्या चिरेतून एक थेंब उतरला, रेंगाळला, आणि बरोबर ज्योतीवर पडला.

"पाझर," कनकलेखा म्हणाली.

"सगळे महापूर मागतात."

"आमच्या राज्यात मोठा घाव घालणारे पुष्कळ आहेत, बाई. मला लागणारा घाव हवा."

जोगिणीने गाठ बांधली.

दुसऱ्या मुक्कामी एका वारुळात मातीने माखलेला सिद्ध बसला होता. तो म्हणाला, "तुझ्या प्राण्याला माझ्या वारुळावर बसव. सूर्य मावळेपर्यंत मुंग्या त्याला चावतील. त्याने एकही खायची नाही."

खवल्या मांजराला वारुळावर बसवून मुंगी खाऊ नको म्हणणे म्हणजे लहान पोरापुढे लाडवांचे ताट ठेवून त्याला पाठांतर करायला लावणे. मुटकुळ्याने एकदा राजकन्येकडे पाहिले. ती नाही म्हणाली. त्याने सुस्कारा सोडला, नाक पोटात घातले, खवले मिटले आणि सूर्य मावळेपर्यंत तसाच राहिला. सिद्ध प्रसन्न झाला. त्याने ढाल बांधली. त्या ढालीवर पडलेला घाव घसरून जाई.

तिसऱ्या मुक्कामी बर्फाचे शिखर होते आणि तिथे गारठ्याची म्हातारी राही. तिच्या दारात एक धोंडा अडकला होता. "मी तुझ्या जनावराला गारठा शिकवते. त्याने हा धोंडा फोडून दाखवावा," ती म्हणाली, "नाही फुटला तर गाठ परत घेईन."

मुटकुळ्याने गारठा फुंकला. धोंडा पांढरा झाला. दगडाला थंडी वाजत नाही, हे म्हातारीला ठाऊक होते, म्हणून ती हसली. कनकलेखा धोंड्यापाशी बसली. तिने त्याच्यावरून बोट फिरवले, तर बोटाला बारीक बारीक भेगा लागल्या. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "मुटकुळ्या, आधी पाझर."

पाणी भेगांत मुरले. "आता गारठा." आत मुरलेले पाणी गोठले आणि फुगले, आणि धोंड्याच्या पोटात काहीतरी कडाडले. दोन विद्या, दोन्ही दगडापुढे दुबळ्या, पण एकीच्या मागून दुसरी आली आणि धोंडा चिरला. चिरला, दुभंगला नाही. मुटकुळ्याने पुन्हा पाझर सोडला, पुन्हा गारठा फुंकला, आणि धोंडा फुटला तेव्हा तो स्वतः बर्फावर आडवा झाला.

म्हातारी आता हसली नाही. "गाठ तुझी. पण पोरी, हा धोंडा लहान होता, आणि त्याला पंजे नव्हते."

कनकलेखा मुटकुळ्याला कडेवर घेऊन परत आली आणि ढोलीपाशी बसली. धनेशिणीने सगळे ऐकले. म्हणाली, "त्याला विसावा हवा. ती विद्या माझ्याजवळ आहे. मी स्वतःला इथे कोंडून घेते, जुनी पिसे झडतात, नवी येतात. झुंज चालू असताना क्षणभर असे आत मिटायचे आणि ताजे व्हायचे. बांधते. एक गाठ सोड."

"ढाल सोडली तर?"

"विसावा घेईपर्यंत जगेल कोण?"

"गारठा?"

"मग उरेल भिजलेला वाघ."

"आणि पाझर..." कनकलेखा थांबली. तिला उत्तर ठाऊक होते. उरली ती एकच गाठ. "नाही," ती म्हणाली. "लहानपणापासून तो माझा आहे."

"मी सोड म्हणाले नाही. चारच आहेत, एवढेच म्हणाले."

राजकन्या दरबारात गेली. तिथे कुणी नव्हते, फक्त दोन पुतळे. मुटकुळ्या तिच्या पायाशी झोपला. तिने बापाचे डोळे पुसले आणि विचारले, "बाबा, मी विचारते. होय असेल तर एकदा पापणी लववा, नाही असेल तर दोनदा. वाघाचा पंजा तुम्हाला लागला होता?"

दोनदा.

"त्याने तुमच्याकडे पाहिले?"

दोनदा.

"मग कुणाकडे पाहिले? अग्निकेसराकडे?"

एकदा.

"आणि अग्निकेसराने?" तिचा आवाज बारीक झाला. "पडता पडता त्याने तुमच्याकडे पाहिले?"

राजाची पापणी एकदा लवली आणि डोळे भरून आले. सिंहाने शेवटी आपल्या धन्याकडे पाहिले होते. वाघाची चौथी गाठ ती हीच. प्राण्याच्या डोळ्यांत शिरायचे, तिथून ओळखीची वाट धरायची आणि ती जिथे पोचते त्याला दगड करायचे. म्हणूनच सिंह आणि हत्ती जिवंत सुटले आणि धनी गेले.

"बाबा, अग्निकेसराने तुम्हाला ओळखलेच नसते तर?"

राजाने पायाशी झोपलेल्या मुटकुळ्याकडे पाहिले आणि डोळे मिटून घेतले. होय म्हणायला एकदा पापणी लववायची होती. त्याला ते झाले नाही.

कनकलेखेने मुटकुळ्याला मांडीवर घेतले. गोफाची ती गाठ तिने लहानपणी बांधलेली, वेडीवाकडी. सोडायला अवघड गेली. सोडताना ती रडली, आणि कुणी पाहत नव्हते म्हणून मोठ्याने रडली. शेवटचा पीळ सुटला तेव्हा मुटकुळ्या जागा झाला. त्याने तिच्याकडे पाहिले, जसे एखाद्या झाडाकडे पाहतात, आणि मांडीवरून उतरून निघून गेला. पैंजण वाजवून उपयोग नव्हता. तिने त्याला उचलून ढोलीपाशी नेले आणि विसाव्याची गाठ बांधून घेतली.

झुंजीच्या दिवशी आखाडा माणसांनी फुलला. मुटकुळ्याला आखाड्यात सोडले तेव्हा तो राजकन्येकडे वळून पाहीना. लोक म्हणाले, बघा, आपण हरणार हे जनावरालाही कळले.

वाघाचा पंजा आला. ढालीवरून घसरला. मुटकुळ्याने पाझर सोडला. वाघाच्या पाठीवर चार थेंब पडले आणि जिरले. "पालथ्या घड्यावर पाणी!" लोक ओरडले. धुळीचे वादळ आले. पुन्हा ढाल, पुन्हा पाझर. गर्जना झाली. मुटकुळ्याचे खवले तडकले, तो कोलमडला. "विसावा!" कनकलेखा म्हणाली. त्याने तिला ओळखले नाही, पण विद्येचे नाव ओळखले. तो आत मिटला आणि उठला तेव्हा खवले नवे होते. लोकांचे ओरडणे हळूहळू थांबले. घोरशंख आसनावरून पुढे झुकला.

"गारठा."

वाघाच्या पाठीतून कडाड असा आवाज आला. मानेपासून शेपटीपर्यंत एक रेघ उमटली. घोरशंख ओरडला, "चौथी!"

वाघाने मुटकुळ्याच्या डोळ्यांत पाहिले आणि वाट शोधली. मुटकुळ्याने इकडे पाहिले, तिकडे पाहिले. गर्दी होती, मांत्रिक होता, पैंजण घातलेली एक मुलगी होती. त्याला सगळी सारखीच. वाघाला त्या डोळ्यांतून बाहेर जायला वाटच सापडेना. सोडलेला घाव मागे फिरला, आणि आखाड्यात त्या क्षणी ओळखीची नजर एकच होती. दगडी वाघाने आपल्या धन्याकडे पाहिले. घोरशंख आसनावर बसल्या जागी दगड झाला.

कनकलेखा म्हणाली, "पुन्हा गारठा."

वाघ दुभंगला. शाप तुटला.

डोंगरात हंडे फुटले, तेव्हा त्यांतून सोने निघाले नाही, वाळू निघाली. दरबारात सेनापती शिंकला. राजा चंडप्रताप जिना उतरून आखाड्यात आला, त्याने वाळूची बातमी ऐकली आणि एवढे दिवस अडकलेला पहिला शब्द उच्चारला: "एवढ्यासाठी?" मग तो मुलीला कवटाळून लहान मुलासारखा रडला. सिंह रानातून परतला. शाप तुटल्यावर घोरशंखही हलू लागला, आणि जाता जाता एवढेच म्हणाला, "राजकन्ये, ओळख कुणी सोडत नाही. तू कशी सोडलीस?" तो पुन्हा त्या राज्यात दिसला नाही.

राजाने दवंडी पिटवली, की यापुढे गाठ बांधण्याआधी धनेशिणीचे तीन प्रश्न विचारावेत, आणि जो विचारील त्याला कुणी भित्रा म्हणू नये. त्याने स्वतः अग्निकेसराच्या दोन आगी सोडल्या. सिंह बराच शांत झाला, आणि दरबारातले पडदेही वाचले.

सगळे मार्गी लागले, एक सोडून. मुटकुळ्या बागेत राही, मुंग्या खाई, झोपे. पैंजण वाजले की मान वर करी आणि पुन्हा खाली घाली.

धनेशीण नव्या पिसांनिशी ढोलीतून बाहेर आली आणि म्हणाली, "झुंज संपली. ढाल सोड. पुसलेली ओळख परत येत नाही, पण नवी बांधता येते."

कनकलेखेने विचार केला. "नको, मावशी. तो येत होता तो गाठीमुळे की माझ्यामुळे, हे मला कधी कळलेच नव्हते."

मग ती रोज संध्याकाळी पैंजण काढून बागेतल्या वारुळापाशी जाऊन बसू लागली. हाक मारीत नसे. तळवा उपडा करून मातीवर ठेवी आणि झाडांकडे पाहत राही. उन्हाळा गेला, पाने झडली, नवी आली. एका संध्याकाळी तिच्या तळव्याखाली काहीतरी गार लागले.

तिने हात हलवला नाही. सावकाश खाली पाहिले. गोफाच्या चारही गाठी जिथल्या तिथे घट्ट होत्या: पाझर, ढाल, गारठा, विसावा. हे नाक कोणत्या गाठीने आणले, ते तिने विचारले नाही. तिची सांज जशी भरून पावली, तशी ऐकणाऱ्याचीही पावो.