फ्लॉपीआजोबांचा मान

"उद्यापासून फ्लॉपीआजोबांना..." एवढंच स्कॅनरकाकूंच्या कानावर पडलं आणि गाभ्याने दार लावून घेतलं.

गोष्ट फार जुनी, म्हणजे कॉम्प्युटरच्या हिशेबाने. कॉम्प्युटरच्या मधोमध सगळा कारभार पाहणारा गाभा राहायचा आणि भोवती मॉड्यूल नावाच्या मदतनिसांची वस्ती. प्रत्येकाला एकेका यंत्राची बोली येई: काकूंना स्कॅनरची, आजोबांना जुन्या फ्लॉपी-चकत्या वाचणाऱ्या यंत्राची. गाभ्याने बोलावलं की जायचं, काम झालं की परतायचं. फ्लॉपीआजोबांना मात्र रोज सकाळी पहिलं बोलावणं असे. त्यांचं यंत्र कधीच भंगारात गेलं होतं, पण मान तो मान!

"आजोबा, तुम्हाला काढणार हो!" काकूंनी बातमी पुरी करूनच पोचवली. "मला मेलीला राहवत नाही, म्हणून सांगते."

आजोबांचा चेहरा उतरला. पण गाभ्याची रीत त्यांना पाठ होती: एकाचं काम दुसऱ्यावाचून अडत असेल, तर त्या दुसऱ्याला आधी बोलवायचं. ते तडक गाणी वाजवणाऱ्या ध्वनीकडे गेले. काकूही मागोमाग गेल्या. चौकशीला कुणी नको का?

"पोरी, माझ्यावाचून तुझं अडतं, एवढं गाभ्याला सांग."

ध्वनी भिडस्त. तिने गाभ्याला तसं सांगून टाकलं.

सकाळी आजोबांना बोलावणं आलंच नाही. "मी म्हटलं नव्हतं?" काकू म्हणाल्या.

तेवढ्यात कॉम्प्युटरच्या मालकिणीने भूपाळी लावली. गाभा ओरडला, "ध्वनीला बोलवा! पण आधी आजोबांना! काम नसताना बोलवू नका म्हटलं होतं, काढा नव्हे!"

आजोबा सावकाश आले, टेकले, मग गाणं सुरू झालं. "माझ्याशिवाय सूर लागत नाही हो," ते मान डोलावत म्हणाले.

"असेना," काकू पुटपुटल्या, "पण पहिलं बोलावणं तर गेलं ना?"