पट्टोबाचं नितळ अंगण

माणसाची होडी अजून समुद्राला ठाऊक नव्हती, तेव्हाची गोष्ट. बांगडा माशांचा म्होरक्या पट्टोबा याला स्वच्छतेचं भारी वेड. थोराई नावाची देवमाशीण तळाशी जेवून श्वास घ्यायला वर यायची आणि तिथेच पोट मोकळं करायची. मग पाणी हिरवं, गढूळ व्हायचं.

"थोराई, एवढी मोठी तू, आणि आमच्या अंगणात घाण करतेस?" पट्टोबा एकदा सगळ्यांदेखत म्हणाला.

थोराई लाजेनं अर्धी झाली आणि दूर निघून गेली.

पाणी काचेसारखं नितळ झालं. पट्टोबा ऐटीत फिरू लागला. पण हळूहळू इवल्या कोळंबीसारखा जवळा दिसेनासा झाला. पिल्लांची पोटं खपाटीला गेली.

मोहरीहून कितीतरी लहान असा शेवाळाचा एक हिरवा कण मरगळून तरंगत होता. तो म्हणाला, "पट्टोबा, तुम्ही जवळा खाता, जवळा आम्हाला खातो. आणि आम्ही वाढतो ते थोराईच्या त्या घाणीवर."

पट्टोबाचं तोंड एवढंसं झालं. तो तडक थोराईला शोधत गेला.

"चुकलो, आई. घरी चल."

"येते," थोराई संकोचून म्हणाली, "पण आधी सगळ्यांनी तोंडं फिरवायची!"

सगळ्यांनी फिरवली. काही दिवसांत पाणी पुन्हा हिरवं झालं, जवळा परतला. तरी एका पिल्लानं नाक मुरडलंच.

पट्टोबानं त्याला हळूच शेपटी मारली. "नमस्कार कर आधी. थोराईनं आपली चूल पेटवलीय."