नख अडकतं का

“आणि उताराला तुटला तर?”

तनुजाने हे तिसऱ्यांदा विचारलं. मीरासाहेब उस्तादांनी तिसऱ्यांदा ऐकलं नाही.

उस्तादांचं गॅरेज घाटाच्या पायथ्याशी, शेवटच्या वळणावर. भागीरथी झोरेची जीप जॅकवर उभी होती. तिच्या पोटाखालून काढलेला लांब शाफ्ट जमिनीवर आडवा पडला होता. इंजिनाची ताकद मागच्या चाकांना पोचवणारा हाच. त्याच्या टोकाचा सांधा तनुजाने खोलला होता आणि त्यातला क्रॉस, चार दांड्यांचा, अधिकच्या चिन्हासारखा लोखंडी तुकडा, तिच्या मुठीत होता.

“दे,” उस्ताद म्हणाले.

तिने दिला नाही.

क्रॉस झिजला होता, यावर दोघांचंही एकमत होतं. उस्ताद म्हणत होते, तो पाव वळसा फिरवून परत बसवायचा. झिजलेली बाजू मोकळी होते, कोरी बाजू भार घेते. चाळीस वर्षं ते हेच करत आले होते, आणि त्यांनी फिरवलेले कितीतरी क्रॉस घाटात अजून पळत होते. तनुजा म्हणत होती, नवा घालायचा. कोल्हापुरात मिळतो. दीड तास जायला, दीड तास यायला.

जीप संध्याकाळी वर न्यायची होती. सकाळी वरच्या वाड्यांतल्या अकरा मुलींना दहावीच्या पहिल्या पेपरला खाली आणायचं होतं. त्या वेळेला एसटी नव्हती. भागीरथी कोपऱ्यातल्या टायरवर बसून दोघांकडे आळीपाळीने बघत होती.

तनुजाने पुन्हा सांगितलं, की शाफ्ट सुटला तर इंजिनाची पकड जाते, मग उतारावर फक्त ब्रेक उरतो. अकरा मुली आणि फक्त ब्रेक.

उस्ताद म्हणाले, डिप्लोमाच्या पुस्तकात सगळं नवंच घालायला सांगतात, पुस्तकाला हात नसतात.

“तुमच्या काळी नवा यायला पंधरा दिवस लागायचे, म्हणून तुम्ही फिरवत होता. आता तीन तास लागतात. आता कशासाठी फिरवता?”

“हात आहेत म्हणून.”

...

भागीरथी चाचरत म्हणाली, चाचांच्या हाताला यश आहे, सगळा घाट सांगतो.

“यश नको आक्का, क्रॉस हवा,” तनुजा म्हणाली. मग तिने भागीरथीला विचारलं, उतरताना गाडी गिअरमध्ये ठेवता की न्यूट्रलमध्ये?

गिअरमध्येच, भागीरथी म्हणाली. चाचांनीच तशी सवय लावली. न्यूट्रलमध्ये उतरवलीस तर परत इथे यायचं नाही म्हणाले होते.

“बरोबरच सांगितलं. पण पूर्वी सगळे डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरायचे. तेव्हा क्रॉस चढालाच झिजायचा, एका बाजूने. दुसरी कोरी राहायची. आक्का गिअरमध्ये उतरतात. यांचा क्रॉस चढाला एका बाजूने झिजतो, उताराला दुसऱ्या.” ती उस्तादांकडे वळली. “तुम्ही लोकांना नीट उतरायला शिकवलंत, उस्ताद. कोरी बाजू तेव्हाच संपली.”

उस्तादांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. त्यात अजून चहा होता.

ते म्हणाले, सहा महिन्यांपूर्वी तालुक्यातल्या एकाही गॅरेजने तुला आत घेतलं नव्हतं. मी घेतलं. काम शिक म्हणालो होतो, वाद शिक म्हणालो नव्हतो. वाद घालायचा असेल तर रस्ता समोर आहे.

तनुजाने अंगावरचा गॅरेजचा निळा कोट काढला, घडी केली आणि जीपच्या बॉनेटवर ठेवला.

“हा तुमचा. क्रॉस नाही देणार.”

“तो काय तुझ्या बापाचा आहे?”

“भागाक्कांचा आहे. मागितला तर त्यांना देईन.”

भागीरथीने मागितला नाही. नकोही म्हणाली नाही. ती आपल्या चपलांकडे बघत राहिली.

...

“पहिल्या दिवशी मला काय शिकवलंत?” तनुजाने विचारलं.

“बरंच शिकवलं. वाया गेलं.”

“नख.”

या गॅरेजचा तो पहिला धडा होता. झिजेवरून अंगठ्याचं नख फिरवायचं. सरकलं तर भाग जिवंत. अडकलं तर मेला, मग गिऱ्हाईक कितीही रडलं तरी ऐकायचं नाही.

तिने मूठ उघडली. “फिरवा. झिजलेल्या बाजूवरून नको. तुम्ही कोरी म्हणता त्या बाजूवरून.”

उस्तादांनी क्रॉस घेतला, फडक्याने पुसला आणि दांडीवरून अंगठ्याचं नख फिरवलं. पुन्हा फिरवलं. चारही दांड्यांवरून फिरवलं.

“गुळगुळीत आहे.”

तनुजाने तो त्यांच्या हातातून घेतला आणि भागीरथीपुढे धरला. भागीरथीने हात मागे घेतले. म्हणाली, मला यातलं काय कळतंय, मी आपली गाडी चालवते.

“म्हणूनच, आक्का. उद्या तुम्हीच चालवणार आहात.”

भागीरथीने अंगठा पदराला पुसला. नख दांडीवर टेकवलं, हळूच ओढलं. ते थांबलं. तिने जरा जोर लावला, तेव्हा टक असा बारीक आवाज आला. पुन्हा ओढलं. पुन्हा टक.

“इथं काहीतरी हाय, चाचा...” ती म्हणाली, जणू तिनेच काही मोडलं होतं.

उस्ताद क्रॉस घेऊन दारापाशी उजेडात गेले. चष्मा लावला. नख फिरवलं. सरकलं. पुन्हा फिरवलं. सरकलं.

मग त्यांनी क्रॉस बाजूला केला आणि नुसतं नख बघितलं. जाड, सपाट, कधीकाळी हातोडी बसून काळवंडलेलं. त्याला कड अशी राहिलीच नव्हती. चाळीस वर्षांच्या लोखंडाने ती घासून नेली होती.

तनुजाला आता गप्प बसता आलं असतं. तिच्या घरच्यांनी तेच सांगितलं असतं. समजलंय त्यांना, आता पुरे.

“क्रॉसचं राहू द्या, उस्ताद,” ती म्हणाली. “तुमचं माप झिजलंय.”

...

भागीरथी उठून उभी राहिली. असं बोलू नये, बाई. मोठ्या माणसाला असं तोंडावर बोलू नये. सावकाश सांगावं.

“कधी सांगू? अकरा जणी सुखरूप उतरल्यावर?”

भागीरथी पुन्हा टायरवर बसली.

उस्ताद दारातच उभे होते. बाहेरून एक जीप घाट चढायला लागली. मागे भाजीच्या पाट्या, वर दोन माणसं. गेल्या दिवाळीत याच जॅकवर उस्तादांनी तिचा क्रॉस फिरवून दिला होता. पहिल्या वळणाला तिने गिअर बदलला, तेव्हा खालून टक आवाज आला. ती दिसेनाशी झाली तरी उस्ताद कान देऊन उभे होते. दुसरं वळण. तिसरं. मग काही ऐकू येईना.

“कधीपासून?” त्यांनी विचारलं.

“मला काय माहीत? मी सहा महिन्यांपूर्वी आले. त्याआधी तुम्हाला कुणी विचारलंच नसेल.”

तिने खिळ्यावरची मोटारसायकलची किल्ली काढली. बॉनेटवरचा कोट तिथेच राहू दिला. बाहेर जाऊन गाडी कोल्हापूरच्या दिशेला वळवली आणि किक मारली. या गॅरेजमध्ये माल आणायला नेहमी शिकणारा जायचा. उस्ताद कधी गेले नव्हते.

मागची सीट खाली दबली.

तिने मान वळवली. उस्ताद बसले होते, चष्मा खिशात, क्रॉस फडक्यात गुंडाळून मांडीवर.

“तुम्ही कशाला? मी आणते की.”

उस्ताद म्हणाले, तो दुकानदार तीस वर्षांचा ओळखीचा आहे. आज विचारणार, उस्ताद, तुम्ही आणि नवा क्रॉस? आणि एका क्रॉसने भागायचं नाही, मी फिरवून दिलेल्या सगळ्या गाड्यांसाठी नवे सांगून ठेवायचे आहेत.

“मग विचारल्यावर काय सांगणार?”

“मी नाही. तू सांगायचं,” उस्ताद म्हणाले. “मघाशी सांगितलंस तसंच... आणि हळू आवाजात नको.”