कल्हईवाल्याचा पहिला घास

एका गावात एक कल्हईवाला होता आणि त्याला 'नाही' म्हणायची भयंकर भीती वाटायची. भुताखेताला तो भीत नव्हता, सापाविंचवाला भीत नव्हता. एवढ्या एका शब्दाला मात्र भ्यायचा.

कल्हई म्हणजे काय, हे आजच्या पोरांना सांगायलाच हवं. तांब्यापितळेच्या भांड्यात आंबट शिजवलं की ते कळकतं, हिरवट होतं आणि खाणाऱ्याच्या पोटात विषासारखं भिनतं. म्हणून भांडं निखाऱ्यावर तापवायचं, नवसागर टाकायचा आणि कथिलाचा हात आतून फिरवायचा. भांडं आतून पांढरंशुभ्र होतं. मग चिंच घाला नाहीतर ताक, चिंता नाही. आपला कल्हईवाला या कामात पटाईत होता. त्याला ना दुकान, ना मालक. खांद्यावर भाता टाकून तो पाच गावं फिरायचा, आणि गिऱ्हाईक हीच त्याची शेतीवाडी.

पण एकदा तो तापाने पडला असताना दुसराच कल्हईवाला येऊन एका घरची भांडी करून गेला. ते घर पुन्हा याच्याकडे आलंच नाही. तेव्हापासून याने जी धास्ती घेतली ती घेतलीच. कोणी काहीही सांगो, याचं उत्तर ठरलेलं: "होऊन जाईल." उद्या हवं? होऊन जाईल. आत्ता हवं? तेही होऊन जाईल. लोक मागून त्याला होयबा म्हणत आणि पुढून आणखी चार भांडी सरकवत. लोकांचं काय जातंय!

त्याची बायको भाता चालवायला बसायची. ती त्याला सांगून बघायची की, अहो, दिवस खरा सांगावा, माणसं थांबतात. तो म्हणायचा, थांबत नाहीत, निघून जातात. मग ती भाता चालू ठेवायची.

या पाच गावांत डोंगरावरच्या देवीचा भंडारा मोठा. त्या भंडाऱ्याची भांडी गेली काही वर्षं याच्याकडे होती. देवीच्या मुदपाकखान्यावर एका आचारीणबाईची सत्ता होती. मोठी कडक बाई. तिने एखाद्याचं काम चांगलं म्हटलं की पाच गावांतल्या बायका आपापली भांडी त्याच्याकडे पाठवत. आणि तिने नाक मुरडलं तर काय होईल, हा विचार कल्हईवाला मनात येऊच द्यायचा नाही.

त्या वर्षी भंडाऱ्याच्या तोंडावर त्याची बायको बहिणीच्या बाळंतपणाला गेली. इकडे आचारीणबाईने देवीची भांडी पाठवून दिली. हा म्हणाला, होऊन जाईल. मागोमाग एक लग्नघर आलं. त्यांनाही होऊन जाईल. मग धर्मशाळेवाला आला, तो तर नुसता रस्त्याने चालला होता, त्यालाही याने हाक मारून होऊन जाईल म्हटलं. अशा माणसाला काय म्हणावं?

व्हायचं तेच झालं. कथिल संपत आलं. कथिल विकणारा व्यापारी बाजाराच्या दिवशीच यायचा आणि बाजार होता भंडाऱ्यानंतर. सगळ्यांची भांडी झाली, पण देवीचा आमटीचा हंडा तसाच राहिला. एवढा मोठा हंडा, आणि हातात कथिल चिमूटभर.

बिचारा उठला आणि सांगून टाकू म्हणत डोंगर चढला. आचारीणबाई मिरच्या निवडत बसली होती. याने तोंड उघडायच्या आधी तीच म्हणाली, "बाकी सगळ्यांच्या मागे मला ओरडत फिरावं लागतं बाबा. तुझं बघावं लागत नाही. हंडा होतोय ना?"

तो एवढंच म्हणाला, "होऊन जाईल, बाई."

खाली येऊन त्याने तो हंडा तापवला आणि होतं तेवढं कथिल पसरवत, ओढत, घासत सगळीकडे पोचवलं. वरवर हंडा चकाकला. याने अंगठ्याचं नख ओढून पाहिलं, तर खालून लालभडक तांबं दिसलं. त्याने तो ओरखडा बोळ्याने पुसून झाकला.

हंडा मुदपाकखान्यात गेला. आचारीणबाईने आत डोकावून पाहिलं आणि मान हलवली. हिने एकदा नख मारून बघावं, आपल्याला शिव्या द्याव्यात आणि हंडा परत पाठवावा, असं त्याला मनापासून वाटलं. पण तिने नख मारलं नाही. काम याचं होतं ना!

मग भंडाऱ्याचा दिवस उजाडेपर्यंत त्याला घास गोड लागला नाही. कोणी दारावरून गेलं तरी तो उठून बघायचा. स्वतःची समजूत घालायचा, की एवढं काही होणार नाही, आमटी पटकन संपेल. लगेच दुसरं मन म्हणायचं, चिंचेची आमटी आहे, पहाटेपासून शिजणार आहे, आणि पंगतीत लेकरं बसणार आहेत.

पळून जावं असंही मनात आलं. पण पळून जाणारा पाच गावांचं गिऱ्हाईक बरोबर कसं नेणार? तो गेला डोंगरावर, आणि खांबाला टेकून उभा राहिला.

आता देवीची एक जुनी रीत होती. ज्याने भांड्यांना कल्हई केली, त्याने पहिला घास घ्यायचा. तोवर पंगतीत कोणी पानाला हात लावायचा नाही. दर वर्षी हा छाती काढून बसायचा. या वर्षी आचारीणबाईने हाक मारली तेव्हा तो पुटपुटला की मला आज उपास आहे.

बाई म्हणाली, उपास तर उपास, घरातलं दुसरं माणूस बसेल, रीत मोडायची नाही. आणि तेवढ्यात गर्दीतून त्याची बायको पुढे आली. बहिणीकडून ती तडक डोंगरावरच आली होती. नवऱ्याच्या कामाचा मान आपल्याला मिळतोय म्हणून तिला कोण आनंद झाला होता. पदर सावरून ती पहिल्या पानावर बसली.

तिच्या मागे पाच गावं पानं मांडून बसली होती. म्हातारे होते, ओल्या बाळंतिणी होत्या, भुकेने कुरकुरणारी पोरं होती. वाढप्याने भात वाढला, भातावर आमटी ओतली. आमटीच्या कडेला हिरवट झाक आली होती. ती कशाची, हे त्या सगळ्या गर्दीत एकालाच ठाऊक होतं. बायकोने भात कालवला, नमस्कार केला आणि घास उचलला.

तिचा हात ओठांपाशी पोचला तेव्हा याने धावत जाऊन तिचं मनगट धरलं.

"खाऊ नकोस," तो म्हणाला. "कोणीच खाऊ नका. या हंड्याला कल्हई नाही. मी खोटं बोललो."

बायकोच्या हातातला घास पानात पडला. मग हळूहळू लोकांच्या ध्यानात आलं आणि आयांनी आपापल्या पोरांची पानं मागे ओढली. कोणी दगड उचलला, कोणी शिव्या हासडल्या. आचारीणबाईने आधी हंडा खड्ड्यात उपडा करायला लावला, पंगतीला भात आणि गूळ वाढायला सांगितलं, आणि मग ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"कथिल नाही, हे तुला कधी कळलं?"

"तुम्ही मिरच्या निवडत होता, त्या दिवशी. तेच सांगायला आलो होतो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही काम काढून घ्याल म्हणून भ्यालो."

बाईचा राग उतरला होता आणि त्याची त्याला जास्तच भीती वाटली. "अरे वेड्या," ती म्हणाली, "खाली कुंभारवाडा आहे. मी मातीच्या मडक्यांत आमटी केली असती. तुला दोन शब्द बोलले असते आणि विसरून गेले असते. पुढच्या वर्षी पुन्हा तुलाच भांडी दिली असती."

एवढं बोलून ती वळली. पुढच्या वर्षी देवीची भांडी दुसऱ्याकडे गेली आणि त्यानंतरही ती कधी याच्याकडे आली नाहीत. पाचांतल्या तीन गावांनी त्याला दार बंद केलं. बायको बरेच दिवस त्याच्याशी कामापुरतं बोलत होती.

पुढे कधीतरी, लांबच्या एका वस्तीवर, एका बाईने त्याच्यापुढे भांड्यांची रास ओतली आणि परवापर्यंत सगळी हवीत म्हणाली. 'होऊन जाईल' त्याच्या ओठांवर आलंच होतं. बायकोने भाता थांबवला.

"नाही," तो म्हणाला. "परवा होणार नाही. बाजारानंतर देतो."

बाईने तोंड वाकडं केलं. जरा कुरकुरली. मग म्हणाली, "बरं, बाजारानंतर दे." आणि भांडी तिथेच ठेवून ती घरात निघून गेली.

कल्हईवाल्याने त्यातलं एक भांडं उचलून मांडीवर घेतलं, आणि त्याला रडू कोसळलं.

तात्पर्य काय, तर गिऱ्हाईक वेळेवर ऐकलेल्या नकाराने तुटत नाही, भिऊन दिलेल्या होकाराने तुटतं.